मोटारीतील ध्वनिविवर्धक चिप आणि तिचे मौन

मोटारीतील संगीतयंत्र एकाएकी मुके झाले, की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच निदान ऐकू येते : 'आयसी उडाला.' मग नवी चिप आणली जाते, पंचवीस पायांचा डाख वितळवून जुनी काढली जाते आणि तिच्या जागी नवी बसते. पुष्कळदा असे घडते, की नवीही तितकीच मुकी राहते किंवा आठवडाभर गाऊन पुन्हा गप्प होते. जुनी एव्हाना कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते. ती खरोखरच बिघडली होती काय, हे पाहण्याचे कोणाच्या मनातही आलेले नसते.

मोटारीसाठी मुद्दाम घडवलेली विवर्धक चिप आवाज देईनाशी झाली, म्हणजे ती निकामी झाली असे नव्हे. आपल्यावर येऊ घातलेल्या संकटाची जाणीव होऊन तिने स्वतःच काम थांबवलेले असण्याचा संभव मोठा असतो. तिला कोणते संकट दिसले, हे शोधून काढणे हीच खरी दुरुस्ती होय. त्यासाठी ही चिप कोणत्या परिस्थितीत राहते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

मोटारीच्या बॅटरीला आपण बारा व्होल्टची म्हणतो, पण हा आकडा नावापुरता असतो. इंजिन बंद असता भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट देते. इंजिन सुरू होऊन आल्टरनेटर वीज निर्माण करू लागला, की दाब १४ व्होल्टच्या वर जातो. म्हणूनच या चिपांच्या माहितीपत्रकांतील आकडे बहुधा १४.४ व्होल्ट धरून दिलेले असतात. थंडीच्या पहाटे स्टार्टर शेकडो अँपिअरचा प्रवाह ओढतो, तेव्हा हाच दाब क्षणभर सहा-सात व्होल्टपर्यंत घसरू शकतो. कोणी ट्रकच्या चोवीस व्होल्टच्या बॅटरीची मदत घेऊन मोटार सुरू केली, तर तो दुप्पट होतो. सर्वांत भयंकर प्रसंग मात्र निराळाच आहे. आल्टरनेटर जोराने बॅटरी भारित करीत असतानाच बॅटरीचे सैल झालेले टोक सुटले, तर तो प्रवाह जाण्याची वाट अकस्मात बंद होते. आल्टरनेटरच्या वेटोळ्यांत साठलेली ऊर्जा तत्क्षणी नाहीशी होऊ शकत नाही. त्यामुळे दाब कित्येक पटींनी उसळतो आणि सेकंदाचा काही दशांश भाग तसाच चढलेला राहतो. अभियंते यास 'लोड डंप' म्हणतात. 'भारत्याग' असा प्रतिशब्द सुचतो खरा, पण त्यात त्या घटनेतील आघात उतरत नाही. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

अशा विजेवर गाणे वाजवण्याची धडपड बरीच जुनी आहे. १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ आले, तेव्हा त्यांतील निर्वात नळ्यांना लागणारा उच्च दाब निर्माण करण्यासाठी कंप पावणाऱ्या स्पर्शकांचा 'व्हायब्रेटर' वापरीत. १९५५ साली अमेरिकेत क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ जाहीर केला आणि नळ्यांचे दिवस भरले. पुढे सगळा विवर्धक एकाच चिपमध्ये बसवण्यात इटलीतील एसजीएस कंपनीने मोठे नाव मिळवले. ही कंपनी १९८७ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीच्या अर्धसंवाहक शाखेशी एकत्र झाली आणि १९९८ पासून एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या नावाने ओळखली जाते.

पाच पायांची चिप

तिची टीडीए २००३ ही चिप शिकणाऱ्यास गुरुस्थानी मानावी अशी आहे. हिला पायच मुळी पाच : दोन आत येणाऱ्या संकेतासाठी, एक ऋण टोकासाठी, एक बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी आणि पाचवा धन विजेसाठी. आठपासून अठरा व्होल्टपर्यंत ती काम करते, २८ व्होल्ट सहन करते आणि पन्नास मिलिसेकंदांपुरता ४० व्होल्टचा झटकाही सोसते. मोटारीच्या विजेचे जे वर्णन वर केले, ते ध्यानात घेऊनच हे आकडे ठरलेले आहेत.

चिपभोवती मोजकेच भाग असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा बिघाड आपल्या विशिष्ट लक्षणाने ओळखू येतो. २२० ओहम आणि २.२ ओहम हे दोन रोधक विवर्धन ठरवतात : त्यांचे गुणोत्तर शंभर, म्हणून आवाजाचा संकेत सुमारे शंभरपट होतो. एखाद्याने २.२ च्या ठिकाणी २२ ओहमचा रोधक बसवला, तर आवाज दहापटींनी दबतो आणि दोष चिपच्या माथी मारला जातो. बाहेर जाणाऱ्या पायाशी एक ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र यांची जोडी ऋण टोकाकडे गेलेली असते. ही जोडी काढून टाकली तरी गाणे वाजते. म्हणून कित्येक कारागिरांना ती निरर्थक वाटते. प्रत्यक्षात तिच्यावाचून चिप कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेवर आंदोलन करू लागते. काहीही वाजत नसताना चिप हाताला चटका देत असेल, तर प्रथम या जोडीकडे पाहावे आणि नंतर विजेच्या पायाशी अगदी लगत असावयास हवा असा जो ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र, त्याच्याकडे.

या चिपच्या बाहेर जाणाऱ्या पायावर नेहमीच विजेच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे सात व्होल्टचा दाब असतो. आवाजाची लाट या पातळीच्या वर-खाली हेलकावे घेते. स्थिर दाब स्पीकरमध्ये जाऊ नये, म्हणून वाटेत १००० मायक्रोफॅरडचा मोठा धारित्र बसवतात. चार ओहमच्या स्पीकरबरोबर तो साधारण ४० हर्ट्झपर्यंतचे खर्ज स्वर जाऊ देतो. वर्षानुवर्षे उन्हात तापून तो आतून सुकला आणि त्याची धारणशक्ती दशांशावर आली, तर ही मर्यादा ४०० हर्ट्झवर चढते : तबल्यातील डग्गा नाहीसा होतो, गाण्यातील शब्द तेवढे पातळ, चिरके ऐकू येतात. हा धारित्र बदलला की आवाज पूर्ववत होतो. चिपला हात लावण्याचे कारण नसते.

पूल बांधल्याने काय झाले

१४.४ व्होल्टवर अशा रीतीने जोडलेल्या चिपकडून किती शक्ती मिळेल, याचा हिशेब सोपा आहे. लाट वर-खाली प्रत्येकी ७.२ व्होल्टपर्यंतच जाऊ शकते. या संख्येचा वर्ग करून त्यास रोधाच्या दुपटीने भागले, तर चार ओहमच्या स्पीकरसाठी ६.५ वॅट हे उत्तर येते. चिप कितीही उत्तम असली, तरी शुद्ध लाटेपुरती ही मर्यादा निसर्गाचीच आहे. ती ओलांडण्यासाठी अभियंत्यांनी स्पीकरच्या दोन्ही टोकांशी एकेक विवर्धक जोडला. एक वर जाऊ लागला की दुसरा खाली जातो. स्पीकरला आता पूर्ण १४.४ व्होल्टची लाट मिळते. दाब दुप्पट, म्हणून शक्ती चौपट, सुमारे २६ वॅट. या जोडणीस 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. मोटारींत अनेक वर्षे सर्रास वापरल्या गेलेल्या टीडीए ७३८४, टीडीए ७३८८ यांसारख्या पंचवीस पायांच्या चिपांत असे चार पूल एकत्र असतात.

येथे खोक्यांवर छापलेल्या आकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. '४ × ५० वॅट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आढळते. लाटेची शिखरे पार कापली जाऊन तिला चौकोनी रूप आले, असे गृहीत धरले तर १४.४ चा वर्ग भागिले चार, म्हणजे ५२ वॅट हे उत्तर मिळते खरे. परंतु तो आवाज संगीत या सदरात मोडत नाही. ऐकण्याजोग्या आवाजाच्या दृष्टीने प्रत्येक स्पीकरमागे विसेक वॅट हाच प्रामाणिक आकडा होय. पन्नासाच्या आशेने आवाज शेवटपर्यंत चढवणारा मनुष्य स्पीकर जाळतो आणि चिपला दोष देतो.

पुलाच्या रचनेने शक्ती वाढली, तसा एक नवा धोकाही आला. स्पीकरची दोन्ही टोके आता निम्म्या दाबावर, म्हणजे बॉडीच्या मानाने सहा-सात व्होल्टवर तरंगत असतात. दोन्ही टोकांवर सारखाच दाब असल्यामुळे त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य राहतो आणि मोठ्या धारित्राची गरज उरत नाही. जुन्या मोटारींत मात्र स्पीकरची एक तार सरळ बॉडीला जोडण्याची रीत होती. तशा मोटारीत नवे यंत्र बसवून तीच तार तशीच ठेवली, की चिपचा एक विवर्धक थेट बॉडीशी जोडला जातो. चिप हा दोष ओळखते आणि मौन धारण करते. अशा वेळी तिच्या जागी दहा चिपा बदलल्या, तरी दहाही मुक्याच राहतील. दारातील स्पीकरची तारही याच कारणासाठी संशयास्पद असते. दार आणि बॉडी यांच्यामधील रबरी नळीतून ती जाते, हजारो वेळा वाकते, तिचे आवरण चिरते आणि मग दार उघडताना आवाज येतो, मिटताना जातो. ऑसिलोस्कोप वापरणाऱ्यानेही सावध असावे : त्याचा ऋण चिमटा स्पीकरच्या टोकाला लावला आणि ते उपकरण कोणत्याही मार्गाने मोटारीच्या बॉडीशी जोडलेले असले, तर तपासणी करणाराच तो दोष निर्माण करतो.

मौनाची चौकशी

पंचवीस पायांच्या चिपांत दोन पाय आज्ञा घेण्यासाठी असतात. एकावरून तिला झोपवता किंवा जागे करता येते. दुसऱ्यावरून जागेपणी गप्प बसवता येते. १.५ व्होल्टच्या खालील दाब म्हणजे 'थांब' आणि ३.५ व्होल्टच्या वरील दाब म्हणजे 'चल', असा संकेत आहे. चिप आधी जागी व्हावी, आतील दाब स्थिर व्हावेत आणि मगच तिने तोंड उघडावे, यासाठी या दोन्ही पायांशी रोधक आणि धारित्र जोडून दुसऱ्या आज्ञेस विलंब लावलेला असतो. बंद करताना क्रम उलटा : आधी मौन, मग झोप. हा क्रम चुकला की यंत्र चालू-बंद करताना स्पीकरमधून 'धप्' असा आवाज येतो. धप् आवाजाची तक्रार आली, की दोन लहानसे धारित्र तपासावेत. चिप निरोगी असते.

चौकशीचा आरंभ विजेपासून करावा, पण दाब बॅटरीवर मोजू नये. चिपच्या पायावर आणि तोही गाणे वाजत असताना मोजावा. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फ्यूजच्या गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजा. हळुवार आवाजात प्रवाह अँपिअरभर असतो, तेव्हा जेमतेम अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. ढोलाच्या ठोक्यास मात्र दहा अँपिअर लागले, की पाच व्होल्ट त्या जोडातच नाहीसे होतात. इंजिन बंद असेल, तर चिपपर्यंत सात-साडेसात व्होल्टच पोहोचतात. एवढ्या अल्प दाबावर आवाज फाटू नये म्हणून ती आपण होऊन गप्प बसते. गप्प बसताच प्रवाह थांबतो, दाब सावरतो आणि ती पुन्हा बोलू लागते. ऐकणाऱ्यास वाटते की चिप अडखळते आहे. अडखळत असतो तो फ्यूजचा जोड. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालण्याचा जो सोपा उपाय योजला जातो, तो थेट आगीचे निमंत्रण आहे. फ्यूज चिपसाठी नसतो. तो तारांसाठी असतो.

वीज ठीक असेल तर आज्ञेचे दोन पाय मोजावेत. तेही ठीक असतील तर यंत्र बंद करून सर्व स्पीकर सोडवावेत आणि प्रत्येक तारेचा बॉडीशी रोध मोजावा. मल्टिमीटरने अनंत दाखवले पाहिजे. मग स्पीकर न जोडताच यंत्र चालू करून आठही टोकांवरील दाब पाहावा. प्रत्येक ठिकाणी निम्मा दाब मिळाला आणि जोडीच्या दोन टोकांत फार तर शंभरेक मिलिव्होल्टचा फरक निघाला, तर चिप बहुधा धडधाकट आहे आणि दोष बाहेरच्या तारांत किंवा आत येणाऱ्या संकेतात शोधावा. एखादे टोक शून्यावर किंवा पूर्ण दाबावर अडकून बसलेले दिसले, तर मात्र तेवढी वाहिनी गेली असे समजण्यास हरकत नाही. आठही टोके सारखीच चुकीची असतील, तर निम्मा दाब सांभाळणारा सामाईक धारित्र आधी बदलून पाहावा.

नवी चिप बसवल्यावर प्रथमच वीज देताना फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा जोडण्याची काही जुन्या कारागिरांची पद्धत अनुकरणीय आहे. आत कोठे दोष राहून गेला असेल, तर दिवा लख्ख पेटतो आणि चिप वाचते. बाजारातील चिपांविषयीही सावधगिरी हवी. स्वस्त चिपवरील मूळ अक्षरे घासून त्यांवर नवा क्रमांक छापण्याचे प्रकार सर्रास चालतात.

काही वेळ वाजून मग गप्प होणारी चिप बहुधा तापलेली असते. १४.४ व्होल्ट आणि चार ओहम धरल्यास एक पूल कमाल साडेदहा वॅट उष्णतेत घालवतो. चारांचे मिळून ४२ वॅट होतात. खऱ्या संगीतात सरासरी याहून बरीच कमी पडते. तरीही डॅशबोर्डमागील कोंदट जागेत, उन्हात उभ्या मोटारीत, ही उष्णता पसरवणारा ॲल्युमिनिअमचा हीटसिंक नीट आवळलेला नसेल किंवा मधला उष्णतावाहक लेप सुकला असेल, तर चिपच्या आतील तापमान १५० अंशांच्या आसपास जाते आणि ती स्वतःला थांबवते. दहा मिनिटांनी ती पुन्हा गाऊ लागते. हे लक्षण दिसल्यास स्क्रू आवळावा आणि लेप नवा लावावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी हा एक वेगळाच त्रास आहे. तीतही चिपचा दोष क्वचितच असतो. आल्टरनेटरची प्रत्यावर्ती वीज डायोड एकदिश करतात, पण तिच्यावर बारीक तरंग उरतात. संगीतयंत्राचे ऋण टोक एका ठिकाणी आणि संकेत पुरवणाऱ्या यंत्राचे दुसऱ्या ठिकाणी बॉडीला जोडलेले असेल, तर त्या दोन ठिकाणांमध्ये दहा मिलिव्होल्टचा तरंग सहज असू शकतो. वीसपट विवर्धन करणारी चिप त्याचे ०.२ व्होल्ट करून स्पीकरला देते. गाणे थांबले की एवढे ऐकू येण्यास पुरेसे आहे. दोन्ही ऋण टोके एकाच खिळ्याला आणावीत.

आज्ञा लिहून देण्याची रीत

अलीकडच्या चिपांत दोन पायांवरील दाबाची जागा लेखी आज्ञेने घेतली आहे. १९८२ साली फिलिप्स कंपनीने दोन तारांवरून चिपांनी परस्परांशी बोलण्याची 'आय-टू-सी' ही पद्धत तयार केली. मोटारीतील मुख्य नियंत्रक आता याच तारांवरून विवर्धकाला सूचना धाडतो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस ६४२४ ही चार वाहिन्यांची चिप याचे चांगले उदाहरण आहे. वीज मिळाली म्हणून ती वाजू लागत नाही. 'वाजव' अशी आज्ञा नोंदवहीत उतरेपर्यंत ती सर्व वाहिन्या मोकळ्या सोडून बसते. तिचा पत्ता तिच्या पायांच्या जोडणीवरून ठरतो. दोन चिपांना एकच पत्ता मिळाला तर आज्ञा भलतीकडे जातात. आज्ञेच्या तारांना वर ओढून धरणारे रोधक नसतील तर त्या कोठेच जात नाहीत. संकेत अंकांच्या रूपाने येत असल्यामुळे त्याबरोबर येणारे तालाचे ठोके खंडित झाले, तरीही ती बोलणे थांबवते.

या पिढीची खरी विशेषता म्हणजे ती आपल्या मौनाचे कारण लिहून ठेवते. वाजण्यापूर्वी ती प्रत्येक वाहिनीची परीक्षा घेते : तार धन विजेला लागली आहे काय, बॉडीला लागली आहे काय, स्पीकर सुटला आहे काय, की त्याची दोन टोके एकमेकांना भिडली आहेत? उत्तरे नोंदवहीत राहतात. ती वाचताना वाहिनी कोणत्या कामासाठी नेमली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. वाहिनीला स्पीकर जोडला आहे असे चिपला सांगून प्रत्यक्षात दुसरा मोठा विवर्धक जोडला, तर त्याचा हजारो ओहमचा रोध पाहून ती 'स्पीकर सुटला' असे प्रामाणिकपणे कळवते. तार स्वरांचा छोटा स्पीकर धारित्रामागे असल्यामुळे स्थिर दाबाच्या परीक्षेला तो दिसतच नाही. त्यासाठी ऐकू येण्याच्या सीमेवरील उच्च स्वर सोडून वेगळी परीक्षा घ्यावी लागते.

ही चिप आवाजाची लाट सलग न देता अतिशय वेगाने उघडझाप करून देते, म्हणून ती फारशी तापत नाही. उघडझापीचा वेगही आज्ञेने ठरतो आणि येथे एक गंमतीदार चूक घडते. तो वेग ३८४ किलोहर्ट्झ ठेवला, तर त्याच्या पटी ७६८, ११५२ आणि १५३६ किलोहर्ट्झवर, म्हणजे नेमक्या मध्यमलहरींच्या पट्ट्यात येतात आणि आकाशवाणीच्या बातम्यांवर शिट्टी ऐकू येते. म्हणून हा वेग बहुधा पट्ट्याच्या पलीकडे, २.१ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवतात. शिट्टीचे कारण अँटेनात शोधण्यापूर्वी ही एक ओळ वाचून पाहावी.

नोंदवहीतील काही दोष कारण दूर झाल्यावरही आपोआप पुसले जात नाहीत. नियंत्रकाने ते पुसण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. मागच्या डाव्या दारातील चिरलेली तार सापडली, तिला नवे आवरण चढवले, दार चार वेळा उघडून मिटून पाहिले, तरीही ती वाहिनी मुकीच राहते. कारण जुनी नोंद अजून तेथेच असते. ती पुसून वाहिनीस 'वाजव' अशी आज्ञा पुन्हा दिली, की चिप आपली परीक्षा नव्याने घेते आणि तार खरोखरच सुधारलेली असेल, तर त्या दारातून आवाज येऊ लागतो.